१९२०चा सीझन, १९२२ची फायनल

आयर्लंडच्या गेलिक फुटबॉलच्या राष्ट्रीय स्पर्धेतल्या विजेत्यांची यादी चाळताना मी एका ओळीवर अडकलो. स्पर्धा १९२०ची. विजेता टिपेररी, उपविजेता डब्लिन. अंतिम सामन्याची तारीख मात्र ११ जून १९२२. दिवसभर डेटाबेसमधल्या तारखा तपासणाऱ्या माणसाला वाटेल तेच मला वाटलं : कुणीतरी नोंद चुकवलीय. पण नोंद बरोबर होती.

हा खेळ आपल्या ओळखीच्या फुटबॉलपेक्षा वेगळा आहे. संघात पंधरा जण, आणि चेंडू हातातही घेता येतो. तो आडव्या दांडीखालून जाळ्यात गेला तर गोल, म्हणजे तीन गुण. दांडीवरून गेला तर त्या काळी एक. संघ परगण्यांचे आणि खेळाडू हौशी. हा खेळ चालवणारी गेलिक अ‍ॅथलेटिक असोसिएशन १८८४ साली टिपेररीतल्याच थर्ल्स गावी स्थापन झाली. ब्रिटिश पोलिसांना आणि सैनिकांना तिचं सदस्यत्व मिळत नसे. १९१८ साली सरकारने परवान्याशिवाय सामने भरवायला मनाई केली, तेव्हा ४ ऑगस्टला देशभर एकाच वेळी विनापरवाना सामने खेळले गेले. मैदानात उतरणं हीच तिथे एक राजकीय भूमिका झाली होती.

१९२०चा सीझन सुरू झाला तो स्वातंत्र्ययुद्धाच्या ऐन भरात. डब्लिनने सप्टेंबरमध्ये कॅव्हनला हरवून अंतिम फेरी गाठली. पण दक्षिणेकडच्या मन्स्टर प्रांतात, जिथे टिपेररी आणि केरी येतात, लढाईमुळे स्पर्धा रखडली. दरम्यान टिपेररीने डब्लिनला एका मैत्रीपूर्ण सामन्याचं आव्हान दिलं. तारीख ठरली २१ नोव्हेंबर, ठिकाण डब्लिनचं क्रोक पार्क.

त्या रविवारी सकाळी मायकेल कॉलिन्सच्या माणसांनी शहरात ठिकठिकाणी घरांत आणि हॉटेलांत घुसून ब्रिटिश गुप्तहेर म्हणून हेरलेल्यांना गोळ्या घातल्या. डझनाहून जास्त माणसं मेली. तरीही दुपारचा सामना रद्द झाला नाही. खेळ सुरू होऊन काही मिनिटं होतात न होतात तोच पोलिस आणि सैन्य मैदानावर आलं. प्रेक्षकांची झडती घ्यायची, असं ठरलं होतं. प्रत्यक्षात पोलिसांनी गर्दीवर गोळीबार केला. तो जेमतेम दीड मिनिट चालला. त्यात चौदा जणांचा जीव गेला, काहींचा नंतर हॉस्पिटलात. जेरोम ओलिअरी दहा वर्षांचा होता, विल्यम रॉबिन्सन अकरा. जेन बॉयल होणाऱ्या नवऱ्याबरोबर सामना बघायला आली होती. लग्न पाच दिवसांवर होतं. टिपेररीचा बचावपटू मायकेल होगन, वय २४, मैदानातच पडला.

आपल्याला इथे जालियनवाला बाग आठवणारच. तिला तेव्हा दोन वर्षंही झाली नव्हती. पण अमृतसरनंतर हंटर समितीपुढे डायरला निदान उघड प्रश्न विचारले गेले. डब्लिनची लष्करी चौकशी बंद दाराआड झाली. गोळीबार आदेशाविना झाला आणि तो परिस्थितीच्या गरजेपेक्षा जास्त होता, हा तिचा निष्कर्ष जवळजवळ ऐंशी वर्षं कागदपत्रांत दडून राहिला.

डिसेंबरमध्ये टिपेररी, केरी, कॉर्क, लिमरिकमध्ये मार्शल लॉ लागू झाला. अर्धवट राहिलेला सीझन बाद ठरवून पुढे जाणं सोपं होतं. असोसिएशनने तसं केलं नाही. जुलै १९२१मध्ये युद्धविराम झाला, डिसेंबरात करार झाला, आणि १९२२मध्ये १९२०ची स्पर्धा जिथे थांबली होती तिथून पुढे सुरू झाली. टिपेररीने फेब्रुवारीत केरीला हरवलं, मग मेयोला. ११ जूनला तेच दोन संघ त्याच मैदानावर समोरासमोर आले. टिपेररी एक गोल सहा गुण, डब्लिन एक गोल दोन गुण. म्हणजे नऊ विरुद्ध पाच.

याला गोड शेवट म्हणावंसं वाटतं, पण म्हणता येत नाही. त्या दिवशी क्रोक पार्कपासून दोन-अडीच किलोमीटरवर, फोर कोर्ट्सच्या इमारतीत कराराला विरोध करणारे सशस्त्र आयरिश ठाण मांडून बसले होते. सतरा दिवसांनी त्यांच्यावर तोफा डागल्या गेल्या, त्या आयरिश सरकारच्याच. यादवी सुरू झाली. सामना पूर्ण करून देश जोडला जात नाही, आणि होगन परत येत नाही. क्रोक पार्कच्या एका स्टँडला त्याचं नाव आहे, इतकंच.

तरी ती विसंगत तारीख मला महत्त्वाची वाटते. '१९२० : स्पर्धा झाली नाही' असं लिहिलं असतं तर बंदुकीने ते वर्ष पुसलं असतं. त्यांनी वर्ष तेच ठेवलं आणि तारीख खरी लिहिली. उशीर लपवला नाही, म्हणून तर शंभर वर्षांनी यादी वाचणारा तिथे थबकतो आणि विचारतो, मध्ये काय झालं?

२०२०मध्ये, हत्याकांडाच्या शताब्दीच्या दुसऱ्याच दिवशी, टिपेररीने मन्स्टरचं विजेतेपद मिळवलं, १९३५नंतर पहिल्यांदा. त्या वर्षी उपांत्य फेरीत पोचलेले चार संघ होते डब्लिन, कॅव्हन, मेयो आणि टिपेररी. १९२०चे तेच चार. कोविडमुळे क्रोक पार्क रिकामं होतं. या वेळी टिपेररी उपांत्य फेरीतच मेयोकडून हरली. अखिल आयर्लंड विजेत्यांच्या यादीत तिच्या नावापुढचं शेवटचं वर्ष अजूनही १९२०च आहे.