रीलमधली लाट आणि आपली मोटरबोट: वेक सर्फिंग कसं चालतं, धोका कुठे असतो?

बोटीच्या मागे, दोरीही न धरता, फळीवर उभा राहून लाटेवर तरंगणारा माणूस तुम्ही रील्समध्ये पाहिला असेल. गोंदिया तर तलावांचा जिल्हा. नवेगावबांध, इटियाडोह, बोदलकसा, चोरखमारा अशी मोठी पाणी आपल्याकडे आहेत. त्यामुळे ‘आपणही करून बघू’ असं वाटणं साहजिक आहे. पण रीलमधली बोट आणि नेहमीची मोटरबोट यांत एक फरक आहे आणि तो माहीत नसेल तर जिवावर बेतू शकतं.

वेक सर्फिंग म्हणजे काय?

बोट पाणी कापत जाते तेव्हा तिच्या मागे लाट उठते. तिला ‘वेक’ म्हणतात. सर्फर आधी दोरी धरून पाण्यात असतो. बोट निघाली की तो फळीवर उभा राहतो आणि लाटेचा उतार सापडला की दोरी सोडून देतो. फळी उतारावरून घसरत राहते आणि उतारही बोटीबरोबर पुढे सरकत राहतो. त्यामुळे बोट चालू आहे तोवर लाट संपत नाही.

वेग फार नसतो, ताशी साधारण १६ ते १९ किलोमीटर. लाट मोठी व्हावी म्हणून बोटीतल्या टाक्यांत पाणी भरून ती मुद्दाम जड करतात. अनेक बोटींत हे वजन एक टनाच्याही वर जातं.

खरा फरक कुठे आहे?

पंख्यात, म्हणजे प्रोपेलरमध्ये. वेक सर्फिंगच्या बोटीचं इंजिन आत असतं आणि पंखा बोटीच्या तळाखाली, मागच्या कडेपासून बराच आत असतो. नेहमीच्या मोटरबोटीला इंजिन मागे बाहेर लावलेलं असतं आणि त्याचा पंखा थेट मागे फिरतो. सर्फर बोटीपासून जेमतेम तीन-चार मीटरवर असतो. अशा बोटीमागे तो पडला, तर पंख्यापासून वाचायला अंतरच उरत नाही. म्हणून मागे इंजिन लावलेल्या साध्या बोटीमागे वेक सर्फिंग कधीच करू नये.

न दिसणारा धोका

इंजिनच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही. हळू चालणाऱ्या बोटीच्या मागे तो साचतो आणि सर्फर नेमका तिथेच असतो. डोकं दुखणं, गरगरणं, मळमळणं ही लक्षणं ‘बोट लागली’ म्हणून सोडून दिली जातात. पण पाण्यात शुद्ध हरपली, तर माणूस काही क्षणांत बुडू शकतो. अशी लक्षणं दिसताच त्याला मोकळ्या हवेत न्या आणि १०८ ला फोन करा. बोटीची मागची फळी धरून लोंबकळणं तर याहूनही घातक. अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात त्यावर कायद्यानेच बंदी आहे.

आणखी काय बिघडू शकतं?

- स्वतःचीच फळी डोक्याला लागते, गुडघा किंवा घोटा मुरगळतो.
- जड बोट एकदम वळवली किंवा सगळे पुढे जाऊन बसले, तर लाट बोटीत शिरते.
- आपले बरेच तलाव धानाच्या सिंचनासाठी बांधलेले आहेत. उन्हाळ्यात पाणी उतरतं, काठ उथळ होतो. मासेमारीची जाळी आणि पाणवनस्पतीही असतात.
- मोठ्या लाटांनी काठ झिजतो, तळाचा गाळ ढवळतो. मिनेसोटा विद्यापीठाच्या २०२२ च्या अभ्यासाने अशा बोटी काठापासून किमान १५० मीटर दूर ठेवण्याची शिफारस केली होती.

कुठे करायचंच असेल तर

- अंगाला घट्ट बसणारं लाइफ जॅकेट घाला. पोहता येत असलं तरीही.
- चालकाशिवाय आणखी एक जण फक्त सर्फरकडे लक्ष ठेवणारा हवा.
- पडलेल्याला उचलताना इंजिन पूर्ण बंद करा. नुसतं न्यूट्रलवर ठेवू नका.
- दोरीचा वेढा हाताला किंवा अंगाला कधीही घेऊ नका.
- दारू पिऊन बोट चालवू नका, फळीवरही चढू नका.
- बोटीची नोंदणी झाली आहे का आणि त्या तलावावर परवानगी आहे का, हे आधी विचारा.

जुलै २०१७ मध्ये नागपूरजवळच्या वेणा जलाशयात नाव उलटून तरुण बुडाले. त्याआधी त्याच नावेतून फेसबुक लाइव्ह सुरू होतं. ते वेक सर्फिंग नव्हतं, साधी सहल होती. पुढच्या वेळी मित्र म्हणाला, ‘बोट आहे, दोरी आहे, चल’, तर आधी बोटीच्या मागे वाकून पाहा. पंखा मागे दिसला, तर उत्तर ‘नाही’ असंच द्या.