उंबरठ्यावर अडलेला संगणक

पुण्याच्या बुधवार पेठेंत तपकीर गल्ली म्हणून एक भाग आहे. नांव तपकिरीचें, पण तेथला व्यापार विजेच्या तारांचा, दिव्यांचा आणि इलेक्ट्रॉनिक सामानाचा. घरचा संगणक अडला कीं पुणेकराचीं पावलें सहज तिकडे वळतात. अशा अडणुकीचा एक विलक्षण प्रकार आहे. आपण आपलें नांव आणि पासवर्ड देतों, यंत्र तो बिनतक्रार मान्य करतें, क्षणभर आंत घेतें आणि लागलीच पुन्हां नांव विचारावयास उभें राहतें. दहा वेळां पासवर्ड द्या, दहा वेळां तेंच. या बिघाडाचा पूर्वेतिहास आज सांगावयाचा आहे.

१९८६ सालीं लाहोरच्या बासित व अमजद फारुख अल्वी या बंधूंनीं रचलेला ‘ब्रेन’ हा विषाणु फ्लॉपीच्या तबकड्यांवरून देशोदेशीं पोहोंचला. पुढें १९९० च्या जूनमध्यें भारतांत ‘जोशी’ नांवाचा विषाणु सांपडला. दरवर्षीं ५ जानेवारीस तो यंत्र अडवून धरी आणि ‘हॅपी बर्थडे जोशी’ हीं अक्षरें टंकून द्या, असा हुकूम सोडी. शुभेच्छा दिल्या कीं काम पुढें सुरू! (आडनांव ऐकून पुणेकरांनीं दचकूं नये, एवढ्यावरून कर्त्याचें कुळ सिद्ध होत नाहीं.) त्याची खरी हुषारी निराळीच होती. तीन कळा एकदम दाबून यंत्र पुन्हां चालू केलें, तरी तो स्मृतींत तसाच ठाण मांडून बसे. म्हणून वीजच बंद करून, स्वच्छ फ्लॉपीवरून यंत्र उठवावें लागे.

याच काळांत पुण्यांत गणकयंत्रें दुरुस्त करणारे कैलास काटकर आणि त्यांचे धाकटे बंधु संजय या औषधोपचाराकडे वळले. १९९५ सालीं निघालेल्या त्यांच्या कंपनीस २००७ सालीं ‘क्विक हील टेक्नॉलॉजीज’ हें नांव मिळालें.

परंतु औषधानें रोग जावा आणि रोग्याचें दार मात्र बंद व्हावें, असाही प्रसंग आला. २००१ सालीं विंडोज एक्सपी ही प्रणाली निघाली. पासवर्ड पटला कीं ही प्रणाली आपल्या ‘रजिस्ट्री’ नांवाच्या दप्तरांत एक ओळ वाचते. तींत ‘युजरइनिट’ या छोट्या कार्यक्रमाचें नांव असतें. तो आला, त्यानें आपली बैठक मांडून दिली, कीं त्याचें काम संपलें. २००४ च्या सुमारास ‘ब्लेझफाइंड’ नांवाच्या एका उपद्रवी कार्यक्रमानें त्या ओळींतलें नांव खोडून तेथें ‘डब्ल्यूएसएअपडेटर’ या आपल्या हस्तकाचें नांव घातलें. पुढें ‘अ‍ॅड-अवेअर’ या शोधक कार्यक्रमानें त्या हस्तकास पकडून नाहींसें केलें. पण दप्तरांतली ओळ तशीच राहिली! मग प्रणालीनें ज्यास हांक मारावी तो जागेवर नाहीं. बैठक मांडणारा कोणी नाहीं. म्हणून ती पाहुण्यास निरोप देऊन मोकळी होई. ‘सेफ मोड’मध्येंही हीच वाट असल्यानें तेथेंही सुटका नसे.

यावर दुरुस्तीवाल्याचा सोपा उपाय म्हणजे ‘फॉरमॅट’, अर्थात् पाटी कोरी करणें. त्याचें काम लवकर उरकतें, पण घरच्या लग्नाचीं छायाचित्रें, मुलीचा प्रबंध, वडिलांच्या हिशेबाच्या वह्या त्यांतच जातात. दप्तरांतील एका ओळीसाठीं सारा वाडा पाडण्याचा हा न्याय मला कधींच पटला नाहीं. खरा उपाय मोठा गमतीचा होता. एक्सपीच्या सीडीवरून ‘रिकव्हरी कन्सोल’ उघडावयाचा, मूळ युजरइनिटची एक प्रत करावयाची आणि तिला त्या हांकललेल्या हस्तकाचेंच नांव द्यावयाचें. प्रणाली चोराचें नांव पुकारी आणि ओ देई घरचाच सेवक! दार उघडलें कीं आंत शिरून ती ओळ पूर्ववत् करावयाची, आणि मगच तो तोतया पुसून टाकावयाचा. हा क्रम उलटा केला तर पुन्हां उंबरठ्यावरच.

एक्सपीस मिळणारें मायक्रोसॉफ्टचें साहाय्य ८ एप्रिल २०१४ रोजीं संपलें. युजरइनिटची ती ओळ मात्र विंडोजच्या नव्या आवृत्त्यांतही आहे. म्हणून यंत्र दुकानांत देतांना, फॉरमॅट करण्यापूर्वीं आंतली तबकडी दुसऱ्या यंत्रास जोडून घरचे कागद आधीं उतरून घ्यावेत, आणि ती ओळ तपासावी, एवढें दुकानदारास स्पष्ट सांगून ठेवावें.