पगाराच्या दिवशीचा रुमाल

आमचे आबा नागपुरात फायरमन होते. स्टेशनमागच्या क्वार्टरात बिऱ्हाड. उन्हाळा लागला की वर्दी केव्हा येईल याचा नेम नसे, म्हणून आजी आबांच्या वाटणीच्या भाकरी आधीच बांधून ठेवायची. लकडगंजातल्या आरामशीनच्या आगी आबांना नकोशा वाटत. वरचा जाळ लवकर विझतो, पण भुशाचा ढीग आतून धुमसत राहतो. तो उपसत, पाणी मारत माणसं पाळीपाळीनं तिथंच पडून राहत.

अशाच एका आगीत आबांच्या जोडीदाराच्या अंगावर भिंत आली. जीव वाचला, कंबर गेली. आजी सांगायची, "माय, त्याच्या बायकोच्या पदरात चार लेकरं. तिकडं कागद टेबलावरून टेबलावर फिरत होते, इकडं पोट्टे उपाशी!" पुढच्या पगाराला आबांनी खिडकीजवळच्या बाकावर रुमाल अंथरला. पगार मोजून घेतलेला प्रत्येक जण त्यात दोन-पाच रुपये टाकून जाई. त्याची वही मी पाहिली आहे. डावीकडे जमा, उजवीकडे खर्च. जमेच्या एका ओळीत रकमेच्या जागी 'ज्वारी, एक पायली' असं आहे. कुणीतरी गावाहून आणलेली. खर्चात मुलीची फी, दवाखान्यात जायचं रिक्षाभाडं, किराणावाल्याची जुनी उधारी. कुणाच्या घरात काय कमी आहे, हे क्वार्टरातल्या बायकांना अचूक ठाऊक असे आणि त्यांच्या सांगण्यावरूनच उजवी बाजू भरली जाई.

राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय 1957 मध्ये रामपूरहून नागपुरात आलं आणि देशभरातले अग्निशमनवाले शिकायला या गावात येऊ लागले. त्यातल्याच मुंबईच्या एका सब-ऑफिसरनं आबांना 14 एप्रिल 1944 ची हकीकत सांगितली होती. व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकीन' हे जहाज उभं होतं. पोटात सुमारे 1,400 टन स्फोटकं आणि त्यांच्या सोबतीला कापसाच्या गाठी. कापूस धुमसायला लागला की काय होतं, हे वऱ्हाड-नागपूरच्या माणसाला वेगळं सांगावं लागत नाही. मुंबईचे बंब दुपारी पोचले, माणसं पाणी मारत राहिली, आणि चारनंतर दोन प्रचंड स्फोट झाले. मुंबई दलाचे 66 जण गेले. आबा हा आकडा सांगून थांबत नसत. "सहासष्ट घरं म्हन," असं ते मला म्हणायचे.

त्याच्या आदल्याच वर्षी, 1943 मध्ये, बॉम्बवर्षावात होरपळलेल्या ब्रिटनमध्ये अग्निशमन कर्मचारी आणि त्यांच्या कुटुंबांसाठी हितकारी निधी उभा राहिला. तो आजही चालू आहे. आपल्याकडे 14 ते 20 एप्रिल हा अग्निशमन सेवा सप्ताह. त्या दिवसांत छातीवर छोटा ध्वज लावून कल्याण निधीसाठी पैसे जमवतात. नागपुरात तो पहिला दिवस म्हणजे बाबासाहेबांची जयंती. सकाळी शहीद जवानांना मानवंदना द्यायची आणि लगेच संविधान चौकात, दीक्षाभूमीवर बंदोबस्ताला बंब घेऊन उभं राहायचं. सुटी अशी त्या दिवशी नाहीच.

मे 2015 मध्ये काळबादेवीच्या गोकुळ निवासच्या आगीनं मुंबई दलाचे प्रमुख सुनील नेसरीकर यांच्यासह चार अधिकारी नेले. पुढच्याच वर्षी, 31 मे रोजी, पुलगावच्या दारूगोळा भांडारात आग लागली. पुलगाव आमच्या शेजारचंच, वर्धा जिल्ह्यातलं. मेलेल्यांत भांडाराचे अग्निशमन कर्मचारी बरेच होते. आबा तेव्हा खाटेवर होते. टीव्हीवर आकडे वर सरकत होते आणि ते पुन्हा पुन्हा विचारत होते, "पोट्टे कुठले? घरी कोन कोन आहे?"

नुकसानभरपाई, पेन्शन, विमा, अनुकंपा तत्त्वावरची नोकरी, हे सगळं त्या घरांच्या हक्काचं आहे आणि ते पुरतं मिळालंच पाहिजे. वर्गणीचं कौतुक करून सरकारला त्यातून सोडवू नये, असं मला कळकळीनं वाटतं. पण मृत्यूचा दाखला, वारसाचा दाखला, बँकेचं खातं असं एकेक जुळेपर्यंत महिने जातात. दवाखान्यात रात्रभर बसणारा माणूस मात्र आजच लागतो, दूधवाल्याचे पैसेही या महिन्यालाच लागतात. तिथं सहकाऱ्यांची संघटना, तिचा निधी, तिची पतसंस्था उपयोगी पडते. कागद कुठं अडला हे कळणारा आणि तो सोडवायला बाईसोबत जाणारा एक जुना हेडक्लार्क अशा संघटनेत असेल, तर त्याची किंमत पैशाहून जास्त.

आता अनेक पालिकांत कंत्राटी फायरमन आहेत. ते त्याच बंबावर चढतात, तोच होज ओढतात. त्यांचा पगार ठेकेदाराकडून येतो, आणि काही झालं तर घरच्यांनी दार कुणाचं ठोठावायचं, तेच स्पष्ट नसतं. कल्याण निधीच्या नियमांत त्यांचं नाव कायम कर्मचाऱ्यांच्या बरोबरीनं यायला हवं. आबांच्या वहीत दोन बदली कामगार होते. त्यांच्या घरी गेलेली रक्कम इतरांइतकीच आहे.