परीक्षकाकडून प्रेक्षकाकडे

स्पर्धा जिंकून पार्श्वगायनात शिरण्याची वाट दूरचित्रवाणीच्या बरीच आधीची आहे. १९५७ साली रेडिओ बनवणाऱ्या मर्फी कंपनीच्या नावाने झालेल्या ‘मेट्रो-मर्फी’ स्पर्धेत महेंद्र कपूर पहिले आले. नौशाद आणि सी. रामचंद्र त्या वेळी परीक्षकांत होते. नौशाद यांनी या विजेत्याला ‘सोहनी महिवाल’मध्ये गाणे दिले, सी. रामचंद्रांनी ‘नवरंग’मध्ये. सूरसिंगार या संस्थेच्या स्पर्धेचेही तसेच. १९७६ मध्ये तिथे सुरेश वाडकर चमकले, पुढच्या वर्षी हरिहरन, आणि ‘गमन’ (१९७८) या चित्रपटात संगीतकार जयदेव यांनी दोघांनाही गायला लावले. गुण देणाऱ्याच्याच हातात काम होते, म्हणून या स्पर्धांना वजन होते.

स्पर्धेबाहेरची वाट लांबची होती. आकाशवाणीची स्वरचाचणी उत्तीर्ण झाली की श्रेणी मिळे, पण श्रेणी म्हणजे चित्रपटातले गाणे नव्हे. त्यासाठी मुंबईत राहून संगीतकारांकडे खेपा घालाव्या लागत. कविता कृष्णमूर्तींनी सुरुवातीच्या काळात मोठ्या गायिकांसाठी डबिंग केले. म्हणजे चित्रीकरणापुरते गाणे गायचे आणि पुढे ते दुसऱ्याच आवाजात निघायचे. कॅसेटच्या जमान्यात कव्हर व्हर्जनचा, म्हणजे गाजलेली गाणी नव्या आवाजात गाण्याचा, पर्याय आला. सोनू निगम आधी रफींची गाणी गाणारा म्हणून लोकांना माहीत झाला. बाकीच्यांना ऑर्केस्ट्रा होताच.

उपग्रह वाहिन्या घराघरांत पोचल्यावर चित्र पालटले. १९९५ मध्ये झी टीव्हीवर ‘सा रे ग म’ सुरू झाले. दिग्दर्शक गजेंद्र सिंह, सूत्रसंचालक सोनू निगम. परीक्षकांच्या आसनावर चित्रपटसंगीतातले आणि शास्त्रीय संगीतातले बुजुर्ग बसत. पहिली विजेती संजीवनी भेलांडे. दूरदर्शनच्या ‘मेरी आवाज सुनो’मधून सुनिधी चौहान पुढे आली आणि ‘मस्त’ (१९९९) या चित्रपटाने तिचे नाव झाले. श्रेया घोषालची कथा तर नवोदितांना तोंडपाठ असते. ‘सा रे ग म’मधले तिचे गाणे दिग्दर्शक संजय लीला भन्साळींच्या आईने पाहिले, मुलाला बोलावून दाखवले, आणि त्यांच्या ‘देवदास’ (२००२) मधल्या गाण्यासाठी तिला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. या टप्प्यावर दूरचित्रवाणीने जुन्या स्पर्धेचेच काम केले, फक्त ऐकणारा संगीतकार आता घरी बसूनही ऐकू शकत होता.

खरा बदल २००४ चा. ब्रिटनच्या ‘पॉप आयडॉल’वर बेतलेले ‘इंडियन आयडॉल’ सोनी वाहिनीवर आले आणि शेवटचा निर्णय मोबाइलच्या संदेशांवर गेला. प्रत्येक मताला पैसे पडत आणि त्यात वाहिनीचाही वाटा असे. त्यामुळे गायकाची गरिबी, आईचे अश्रू, गावची मिरवणूक हे सारे कार्यक्रमाचा भाग झाले. २००५ मध्ये मुंबईचा अभिजीत सावंत जिंकला. मत देणारा बहुधा गळ्याला मत देतो, पण गावाला, प्रांताला, समाजालाही देतो. २००७ मध्ये दार्जिलिंगचा पोलीस शिपाई प्रशांत तमांग विजयी झाला तो गोरखा समाजाच्या एकजुटीवर. त्याला मते मिळवून देण्याच्या मोहिमेत पुढे असलेल्या बिमल गुरुंग यांनी त्याच वर्षी गोरखा जनमुक्ती मोर्चा हा पक्ष काढला. गाण्याच्या स्पर्धेचा राजकारणावर इतका थेट परिणाम क्वचितच झाला असेल.

मराठीत ही लाट झी मराठीच्या ‘सा रे ग म प’ने आणली. त्यातल्या ‘लिटिल चॅम्प्स’ने (२००८-०९) कळस गाठला. पल्लवी जोशींचे निवेदन, अवधूत गुप्ते आणि वैशाली सामंत परीक्षक, आणि अंतिम फेरीत पाच मुले: आळंदीची कार्तिकी गायकवाड, पुण्याची आर्या आंबेकर, अलिबागची मुग्धा वैशंपायन, लातूरचा रोहित राऊत आणि रत्नागिरी जिल्ह्यातला प्रथमेश लघाटे. विजेतेपद कार्तिकीला मिळाले. पाचांपैकी मुंबईचे कोणी नव्हते, आणि लहान गावांतल्या पालकांना या स्पर्धेचे आकर्षण का वाटले याचे उत्तर बरेचसे इथेच आहे: मुंबईत बिऱ्हाड न करता मूल महाराष्ट्रभर ऐकले जाऊ शकत होते. अभंग, नाट्यगीत, गवळण हे घरात आणि देवळात शिकलेले गाणे तिथे चालत होते, हेही महत्त्वाचे.

मुलांच्या वाढत्या सहभागामुळे नियम आले. बालकामगार कायद्याखालच्या २०१७ च्या नियमांनुसार बालकलाकाराचे काम दिवसाला पाच तासांपलीकडे जाऊ नये आणि विश्रांतीशिवाय सलग तीन तासांहून अधिक चालू नये. मिळकतीचा किमान पाचवा हिस्सा मुलाच्या नावे राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत जावा.

प्रेक्षकांच्या मताने प्रसिद्धी मिळाली, पण गाणी देणारे संगीतकार वेगळेच राहिले. त्यामुळे अनेक विजेत्यांचा चरितार्थ चित्रपटांपेक्षा रंगमंचीय कार्यक्रमांवर चालतो: गणेशोत्सव, दिवाळी पहाट, परदेशांतल्या मराठी मंडळांचे सोहळे. उलट २००५ च्या ‘फेम गुरुकुल’ या दूरचित्रवाणीवरच्या स्पर्धेतून अंतिम फेरीआधीच बाद झालेला अरिजित सिंग पुढे ध्वनिमुद्रणाच्या स्टुडिओत संगीतकारांच्या हाताखाली राबत राहिला आणि २०१३ च्या ‘आशिकी २’ने देशभर पोचला. २०२१ मध्ये ‘लिटिल चॅम्प्स’ पुन्हा सुरू झाले, तेव्हा त्या पाच मुलांनाच, आता तरुण झालेल्या, परीक्षकांच्या जागी बसवण्यात आले.