इंजिनाचा ढेकर

1950च्या दशकातल्या अमेरिकी महामार्गांचे फोटो निरखून पाहिले की एक गोष्ट डोळ्यांत भरते. प्रत्येक लेनच्या बरोबर मधोमध एक काळा पट्टा असतो. टायरच्या खुणा म्हणाव्यात तर त्या दोन्ही बाजूंना हव्यात, आणि हा पट्टा तर चाकांच्या मधल्या जागेत. चढावर तो गडद होतो, रस्त्याला उंचवटा असेल तिथे आणखी गडद. हा पट्टा कुणी रंगवलेला नव्हता. वरून गेलेल्या लाखो गाड्यांच्या पोटाखालून ठिबकलेल्या ऑइलचा तो होता. मोटारसायकल शिकवणारे आजही बजावतात, पावसाची पहिली सर आली की लेनच्या मधून चालवू नका.

ऑइल ठिबकत होतं त्याला गळती हे एकच कारण नव्हतं. बरंचसं ऑइल त्यासाठी मुद्दाम बसवलेल्या नळीतून पडत होतं.

इंजिनाच्या तळाशी क्रँकशाफ्ट फिरतो ती बंद पेटी म्हणजे क्रँककेस. गॅरेजमध्ये तिच्या खालच्या भागाला सरळ ‘चेंबर’ म्हणतात. वर सिलिंडरमध्ये पेट्रोलचा भडका उडतो तेव्हा पिस्टनच्या रिंगा कितीही नव्या असोत, थोडा वायू त्यांच्या कडेने खाली निसटतोच. हा ब्लो-बाय. त्यात न जळलेलं पेट्रोल असतं, काजळी असते आणि पाण्याची वाफ असते. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण लिटरभर पाणी तयार होतं, हे सांगितल्यावर अनेकांना खरं वाटत नाही. त्यातलं बहुतेक सायलेन्सरमधून निघून जातं, पण जे चेंबरमध्ये उतरतं ते तिथेच थंड होऊन बसतं. वाट मिळाली नाही तर आतला दाब वाढतो, ऑइल सील गळायला लागतात, डिपस्टिक आपली जागा सोडून वर येते. ऑइल, पाणी आणि पेट्रोल एकत्र घुसळून जो काळा लगदा तयार होतो तो ऑइलच्या वाटा बुजवतो. थोडक्यात, इंजिनाला ढेकर यायलाच हवा. प्रश्न एवढाच, की तो द्यायचा कुठे?

मोटारीच्या पहिल्या पिढ्यांनी या प्रश्नाचा फारसा विचारच केला नाही. वायू गॅस्केटांच्या फटींतून, शाफ्टच्या कडेने, जमेल तसा बाहेर पडायचा आणि जाताना ऑइल घेऊन जायचा. पुढे 1920च्या दशकापासून रोड ड्राफ्ट ट्यूब रुळली. कल्पना अगदी साधी. चेंबरला जोडलेली एक नळी गाडीखाली रस्त्याकडे सोडायची आणि तिचं तोंड तिरकं कापायचं. गाडी पळू लागली की खालून वाहणारा वारा त्या तोंडाशी ओढ निर्माण करतो आणि आतली घाण बाहेर येते. वर ऑइल भरायच्या तोंडावर जाळीचं झाकण. त्यातून ताजी हवा आत जाते. या झाकणाची सेवा हा त्या काळच्या गाडीमालकाचा नित्यनेम होता. झाकण काढायचं, रॉकेलमध्ये बुडवून खळखळून धुवायचं, झटकायचं, त्या जाळीवर थोडं स्वच्छ ऑइल सोडायचं आणि परत बसवायचं. ऑइलने ओलसर जाळी धूळ धरून ठेवते. गाडीबरोबर मिळणाऱ्या पुस्तिकांत हे काम ऑइल बदलण्याच्या रांगेत लिहिलेलं असे.

नळीची खोड अशी, की गाडी थांबली की ओढ थांबते. सिग्नलला उभी टॅक्सी, दारोदारी थांबणारी दुधाची गाडी, हळूहळू सरकणारी रांग अशा वेळी वायू आतच कोंडतो. सगळ्यांत जास्त लगदा अशाच गाड्यांच्या पोटात सापडायचा. मोकळ्या रस्त्यावर नळीचं काम चोख चाले. फक्त मग तो ढेकर मागच्या गाडीच्या नाकाशी आणि सगळ्या गावाच्या हवेत जाई. याबद्दल कित्येक वर्षं कुणाची तक्रारही नव्हती.

खरं तर उत्तर सापडलेलं होतं, आणि ते सापडलं हवेसाठी नव्हे, पाण्यासाठी. दुसऱ्या महायुद्धात गाड्यांना ओढेनाले पार करावे लागत. पोटाखाली उघडं तोंड घेऊन लोंबणारी नळी पाण्यात बुडाली तर पाणी सरळ इंजिनात. म्हणून लष्करी गाड्यांत चेंबरचा वायू बाहेर न सोडता इंजिनाच्याच श्वासात, म्हणजे इनटेक मॅनिफोल्डमध्ये, परत ओढून घेतला जाऊ लागला. विलीज जीपच्या मॅनिफोल्डवर त्यासाठी एक छोटा व्हॉल्व्ह होता. ढेकर गिळायचा आणि परत जाळायचा! युद्ध संपल्यावर जीप मुलकी झाली तरी व्हॉल्व्ह राहिला. मुंबईत महिंद्रांनी 1947 साली जीप जोडायला घेतल्या त्या याच घराण्यातल्या.   म्हणजे चिखलातून जाणाऱ्या जीपकडे जी सोय होती, ती शहरात फिरणाऱ्या आलिशान मोटारींकडे नव्हती. नव्हती, कारण त्यांना ओढे पार करायचे नव्हते.

दरम्यान, युद्ध चालू असतानाच, लॉस एंजेलिसचं आकाश काळवंडलं.

26 जुलै 1943 रोजी त्या शहरावर असा दाट, डोळे चुरचुरवणारा धुरका उतरला की काही लोकांना तो जपानचा रासायनिक हल्ला वाटला. संशय आधी कृत्रिम रबरासाठी ब्युटाडाइन बनवणाऱ्या कारखान्यावर गेला. तो बंद केला, तरी धुरका हटेना. पुढची काही वर्षं कारखाने आणि अंगणात कचरा जाळणारे लोक आळीपाळीने आरोपी ठरत राहिले. गुंता सोडवला तो आरी हागेन-स्मिट यांनी. ते जन्माने डच, कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतले जैवरसायनशास्त्रज्ञ, आणि त्यांचा अभ्यासाचा विषय अननसाचा स्वाद! वासाचे सूक्ष्म घटक वेगळे करण्याची जी हातोटी त्यांनी फळांवर कमावली होती ती त्यांनी पासाडिनाच्या हवेवर वापरली. 1950च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी दाखवून दिलं, की पेट्रोलमधले हायड्रोकार्बन आणि नायट्रोजनची ऑक्साइडं यांच्यावर ऊन पडलं की ओझोन तयार होतो, आणि डोळे चुरचुरवणारा धुरका याच रसायनक्रियेतून जन्मतो. ओझोनने रबराला भेगा पडतात. किती पडल्या यावरून त्यांनी हवेतल्या ओझोनचा अंदाज बांधला. कॅलिफोर्नियाचं ऊन, भोवतीचे डोंगर आणि लाखो मोटारी यांनी मिळून शहराची भट्टी केली होती.

मोटार कंपन्यांना हे पटवणं सोपं नव्हतं. लॉस एंजेलिस काउंटीचे सुपरवायझर केनेथ हान यांनी 1953 पासून डेट्रॉइटच्या कंपन्यांशी पत्रव्यवहार धरून ठेवला. सुरुवातीलाच फोर्डकडून आलेल्या उत्तराचा मथितार्थ असा होता, की गाडीतून निघणारी वाफ हवेत लगेच विरून जाते, तेव्हा काळजीचं कारण नाही. हान यांनी पत्रं लिहिणं थांबवलं नाही. वर्षानुवर्षं लिहीत राहिले. त्यांच्या चिकाटीला दाद द्यायला हवी.

सगळ्यांचं लक्ष तोवर सायलेन्सरवर होतं. 1959च्या सुमारास खुद्द उद्योगातल्याच संशोधकांना कळून चुकलं, की गाडीतून सुटणाऱ्या हायड्रोकार्बनचा मोठा वाटा, ढोबळमानाने पाचवा ते चौथा हिस्सा, सायलेन्सरमधून येतच नाही. तो पोटाखालच्या त्या नळीतून येतो. धुराचं नळकांडं सगळ्यांना दिसत होतं, ही नळी कुणाला दिसत नव्हती. आणि तिच्यावरचा उपाय कपाटात तयार होता, लष्कराने वापरून पाहिलेला.

1961च्या मॉडेलपासून कॅलिफोर्नियात विकल्या जाणाऱ्या नव्या गाड्यांना असे व्हॉल्व्ह, म्हणजे पीसीव्ही (पॉझिटिव्ह क्रँककेस व्हेंटिलेशन) व्हॉल्व्ह, बसवले गेले, आणि 1963च्या मॉडेलपासून देशभर. मधली दोन वर्षं का लागली, याची पुढे कोर्टात चर्चा झाली. जानेवारी 1969 मध्ये अमेरिकेच्या न्याय खात्याने मोटार उत्पादकांच्या संघटनेवर आणि बड्या कंपन्यांवर दावा ठोकला. प्रदूषण रोखणारी साधनं कुणी एकट्याने पुढे जाऊन बसवू नयेत असं त्यांनी संगनमताने ठरवलं होतं, असा आरोप होता, आणि त्यात या व्हॉल्व्हचंही नाव होतं. त्याच वर्षी तडजोड झाली; कंपन्यांनी दोष मान्य केला नाही, पण असं पुन्हा करणार नाही हे मान्य केलं. ज्या वस्तूचा कोर्टात एवढा बोलबाला झाला ती अंगठ्याएवढी होती.

उघडून पाहिलं तर आत जेमतेम दोन वस्तू निघतात, एक स्प्रिंग आणि एक निमुळता दट्ट्या. इंजिन नुसतं गुरगुरत उभं असतं तेव्हा मॅनिफोल्डमधली ओढ जबरदस्त असते. दट्ट्या ओढला जाऊन वाट अरुंद करतो, कारण त्या वेळी ब्लो-बायही कमी असतो आणि जादा हवा आत गेली तर आयडलिंग बिघडतं. ॲक्सिलरेटर दाबला की ओढ कमी होते, स्प्रिंग दट्ट्याला मागे ढकलते, वाट रुंद होते. घाणही तेव्हाच जास्त असते. इंजिनाने बॅकफायर केलं तर दट्ट्या उलटा आपटून दार बंद करतो, म्हणजे ज्वाळा चेंबरमधल्या वाफेपर्यंत पोचत नाही. वायर नाही, सेन्सर नाही. पण पहिल्या पिढीत वरच्या झाकणाची जाळी उघडीच होती, त्यामुळे जोर पडला की उरलेला ढेकर तिथून निसटे. पुढे ते झाकण बंद करून नळी एअर क्लीनरला जोडली गेली, आणि 1968च्या मॉडेलपासून अमेरिकेत चेंबरचा वायू बाहेर सोडायलाच मनाई झाली.

गॅरेजवाल्यांना मात्र हे नवं लचांड वाटलं. पूर्वीची नळी जाड होती, तिला निगा लागत नव्हती. व्हॉल्व्हमधून चिकट वाफ दिवसरात्र जाते, दट्ट्या काजळीने धरतो आणि मग नळी नव्हती तेव्हाचे सगळे आजार परत येतात. कॅलिफोर्नियाने जुन्या गाड्यांनाही तो बसवायची सक्ती केली तेव्हा एवढा गलका झाला, की नियम सैल करावा लागला. तपासायची रीत मात्र कुणालाही जमेल अशी होती. इंजिन चालू ठेवून व्हॉल्व्ह रबरी बुशातून उपसायचा आणि तोंडावर बोट धरायचं. बोट ओढलं गेलं पाहिजे. मग इंजिन बंद करून कानाजवळ हलवायचा. खुळखुळ्यासारखा वाजला तर ठीक, गप्प बसला तर फेकून द्यायचा.

भारतात ही गोष्ट बरीच उशिरा आली. ॲम्बॅसेडरला मॉरिस ऑक्सफर्डकडून वारशाने मिळालेल्या बी-सिरीज इंजिनात टॅपेटच्या बाजूच्या कव्हरवरून खाली रस्त्याकडे जाणारी ब्रीदरची नळी होती; विलायतेत त्याच इंजिनाला 1960च्या दशकात व्हॉल्व्ह मिळाला. आपल्याकडे मोटारींच्या धुरासाठी उत्पादनाच्या पातळीवर नियम आले ते 1991 साली, मग 1996ला कडक झाले, मग भारत स्टेजची मालिका सुरू झाली. या चाचण्यांत ‘टाइप थ्री’ नावाची एक चाचणी असते. ती निव्वळ चेंबरची. इंजिन चालू असताना आतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा वर जाता कामा नये. पुण्यात वेताळ टेकडीवरच्या एआरएआय या मोटार संशोधन संस्थेत गाड्यांना मान्यता देताना अशा चाचण्या होतात. पीयूसीच्या टपरीवर मात्र नळी सायलेन्सरमध्येच घातली जाते. चेंबरकडे तिथे कुणी बघत नाही.

बऱ्याच नवीन इंजिनांत तो खुळखुळाही गेला. त्याच्या जागी रबरी पडदा आला, आणि तो बहुतेकदा इंजिनाच्या वरच्या प्लॅस्टिक कव्हरमध्येच घडवलेला असतो. फाटला की अख्खं कव्हर बदला. शिवाय सिलिंडरमध्ये थेट पेट्रोल फवारणाऱ्या इंजिनांत इनटेक व्हॉल्व्हच्या पाठीवर पेट्रोलचा सडा पडत नाही, त्यामुळे परत ओढलेली ऑइलची वाफ तिथे साचून करपते. रोज जेमतेम दोन-तीन किलोमीटर चालणाऱ्या गाडीत वेगळाच प्रकार. इंजिन नीट तापत नाही, वाफ उडून जात नाही, आणि ऑइलचं झाकण उघडलं की आतून दह्याच्या साईसारखा पिवळट थर दिसतो. हेड गॅस्केट गेलं म्हणून मालक हादरतो. बऱ्याचदा एक लांब फेरी मारून आणलं की तो थर निघून जातो.

जुनी गाडी घ्यायला गेलेला माणूस आपल्याकडे अजूनही एक परीक्षा करतो. इंजिन चालू ठेवायला सांगतो, ऑइलचं झाकण काढतो आणि तोंडावर उलटं ठेवतो. झाकण नाचायला लागलं, धुराचे फुसफुस झोत आले, की “रिंगा गेल्यात” असा निकाल देऊन किंमत पाडतो. उघड्या ब्रीदरच्या काळात ही परीक्षा पक्की होती. आता अनेक पेट्रोल गाड्यांत झाकण काढताच वेगळंच घडतं. झाकणाच्या वाटेने फुकटची हवा आत शिरते, इंजिन अडखळतं, कधी बंदही पडतं. घेणाऱ्याच्या कपाळाला आठी पडते. विकणारा घाईघाईने झाकण परत लावतो, इंजिन लगेच सुतासारखं चालायला लागतं, आणि या गाडीची ओढ अगदी शाबूत आहे हे दोघांपैकी कुणाच्याच लक्षात येत नाही.