जांभळीचे झाड आणि इंग्रजीचे मास्तर



परक्या देशात जाऊन इंग्रजी शिकवायचे तर काय तयारी हवी? व्याकरण पक्के हवे, उच्चार स्वच्छ हवेत, पदवी हवी, असे आपण चटकन सांगून मोकळे होऊ. अशी तयारी असलेली सुमारे पाचशे माणसे १९०१ साली एकाच आगबोटीत बसून निघाली होती. त्यांची हकिगत आज सांगतो.

स्पेनशी झालेल्या युद्धानंतर १८९८ च्या पॅरिसच्या तहाने फिलिपाईन्सची बेटे अमेरिकेच्या ताब्यात आली. स्पेनला दोन कोटी डॉलर मिळाले. बेटांवरच्या लोकांना मात्र कुणी काही विचारले नाही. ते स्वराज्यासाठी लढतच होते; फेब्रुवारी १८९९ पासून ते अमेरिकेशी लढू लागले. एकीकडे बंदुका चालू आणि दुसरीकडे शाळा उघडल्या जात आहेत, असा तो प्रकार. पहिले मास्तर तर चक्क शिपाईच होते. मग २१ जानेवारी १९०१ रोजी कायदा झाला, की शिक्षण इंग्रजीतून द्यावे आणि त्यासाठी अमेरिकेतून एक हजार शिक्षक आणावेत.

त्यातली मोठी तुकडी २३ जुलैला सॅन फ्रान्सिस्कोहून 'थॉमस' नावाच्या लष्करी बोटीने निघाली आणि २१ ऑगस्टला मनिलाच्या बंदरात पोचली. बोटीच्या नावावरून या मंडळींना 'थॉमसाइट' म्हणू लागले. त्यांत बायका होत्या, पुरुष होते, नामांकित कॉलेजांतून शिकलेले पदवीधर होते. हेतूबद्दल शंका घेऊ नये. बहुतेकजण मनापासून आले होते. १९०२ साली तिथे पटकीची मोठी साथ आली, तिच्यात काही शिक्षकही दगावले.

पण वर्गात उभे राहिल्यावर पंचाईत झाली. त्या बेटांवर शंभराहून अधिक भाषा. पोरे घरी तागालोग बोलणार, नाहीतर इलोकानो, नाहीतर सेबुआनो. मास्तरांना त्यांतली एकही येत नव्हती. आणि पुस्तके? ती अमेरिकेतल्या मुलांसाठी छापलेली, तीच पेटाऱ्यांतून आली. त्यांत लाल लाल सफरचंदे, बर्फाची वादळे, पांढरी अस्वले. समुद्रकाठच्या उकाड्यात वाढलेल्या पोराने 'स्नो' म्हणजे काय समजावे?

आपल्याला हसायला नको. मी पाचवीत इंग्रजी मुळाक्षरे शिकलो तेव्हा आमच्याही पुस्तकात पहिले सफरचंदच होते, आणि आमच्या घरी सफरचंद यायचे ते कुणी अंथरुणाला खिळले असेल तरच! आता ते आठवडी बाजारातही मिळते, ही गोष्ट वेगळी.

या मास्तरांबद्दल कार्टर वुडसन यांनी लिहून ठेवले आहे. वुडसन हे अमेरिकेतले काळे गृहस्थ. जन्म १८७५, व्हर्जिनिया प्रांतात. आईबाप पूर्वीचे गुलाम, आणि स्वतः त्यांनी कोळशाच्या खाणीत काम केलेले. १९०३ च्या अखेरीस ते फिलिपाईन्सला शिक्षक म्हणून गेले आणि १९०७ च्या सुरुवातीपर्यंत राहिले. तिथे गेल्यावर त्यांनी टपालाने शिकवणी घेऊन स्पॅनिश भाषा शिकून घेतली. पुढे ते मोठे इतिहासकार झाले.

१९३३ च्या आपल्या पुस्तकात वुडसन सांगतात, की मोठमोठ्या विद्यापीठांतून अध्यापनाच्या पद्धती शिकून आलेले बरेच शिक्षक तिथे अयशस्वी ठरले. आणि जमले कुणाला? तर एका विमा एजंटाला! या गृहस्थाने आयुष्यात कधी शिकवले नव्हते. पण त्याने काय केले, पुस्तके बाजूला ठेवली आणि मुलांच्या भोवतालच्या वस्तूंनी वर्ग भरून टाकला. सापाचा धडा आला की साप आणला. सुसरीचा आला की सुसर! (आपल्या शिक्षकबंधूंनी एवढ्यापर्यंत जाऊ नये.) इतर मास्तर मुलांकडून सफरचंदाचे झाड हलवण्याचे गाणे म्हणवून घेत. याने त्या जागी 'लोंबॉय'चे झाड घातले.

हे लोंबॉय म्हणजे काय ठाऊक आहे? आपली जांभळी. तेच झाड, तीच जिभेला जांभळे करणारी फळे. झाड हलवून जांभळे पाडणे हा तिथल्या प्रत्येक पोराचा उद्योग. शब्द नवे, पण गोष्ट हाताखालची; मुले उमजून गाऊ लागली. वाचनातही त्याने वॉशिंग्टनच्या कथा ठेवल्या नाहीत. ज्यांना स्पॅनिश सरकारने ३० डिसेंबर १८९६ रोजी मनिलात गोळ्या घातल्या, त्या होसे रिझाल यांचे चरित्र सांगितले. हळूहळू अमेरिकन पुस्तके मागे पडली आणि तिथल्या जीवनावरची नवी पुस्तके तयार झाली.

वुडसन यांनी ही गोष्ट जवळपास तीस वर्षांनी लिहिली, तेव्हा तिला थोडी झिलई चढली असेल. तरी ती मला खरी वाटते. वुडसन यांच्या स्वतःच्या समाजातली मुलेही ज्यांत आपले नाव नाही अशीच पुस्तके वाचत होती. १९२६ पासून त्यांनी काळ्या लोकांच्या इतिहासाचा सप्ताह सुरू केला, त्यामागे ही मनिलाकडची वर्षेही असावीत.

मात्र एक गोष्ट त्या विमा एजंटालाही करता येण्याजोगी नव्हती. झाड जांभळीचे झाले, पण गाणे इंग्रजीतच राहिले. पोराला आधी परकी भाषा, मग त्या भाषेतून गणित, असे दुहेरी ओझे. १९२५ साली शाळांची पाहणी झाली, तेव्हा बहुसंख्य मुले चौथीच्या पुढे जातच नाहीत असे दिसले.

देश १९४६ साली स्वतंत्र झाला. १९४८ साली इलोइलो प्रांतात तिथल्याच शिक्षणाधिकाऱ्यांनी एक प्रयोग केला. काही वर्गांना पहिली-दुसरीत सगळे विषय हिलिगायनोन या त्यांच्या घरच्या बोलीतून शिकवले, आणि काहींना पूर्वीप्रमाणे इंग्रजीतून. घरच्या बोलीतून शिकलेली मुले वाचनात पुढे गेली, गणितातही पुढे गेली. आणि तिसरीत इंग्रजी माध्यम सुरू झाल्यावर त्यांनी इंग्रजीतही दुसऱ्यांना गाठले. १९५७ पासून पहिली-दुसरीचे शिक्षण स्थानिक भाषेतून देण्याचे धोरण त्या देशाने स्वीकारले.