कौल श्रोत्यांचा

स्पर्धकाने हात जोडून ‘मला एसएमएस करा’ म्हणणं एके काळी इतकं अंगवळणी पडलं होतं की ही प्रथा किती जुनी, हे कुणी विचारत नसे. ती टीव्हीवर येण्याआधीची आहे.

1934 साली न्यूयॉर्कच्या डब्ल्यूएचएन रेडिओ केंद्रावर मेजर एडवर्ड बोज यांनी हौशी कलाकारांचा कार्यक्रम सुरू केला. वर्षभरात तो एनबीसीवरून देशभर ऐकू येऊ लागला. दिवस मंदीचे. हाताला काम नसलेली माणसं गाणं, शीळ, माउथ ऑर्गन, जे येत असेल ते घेऊन लांबलांबून न्यूयॉर्क गाठत. रंग जमला नाही की बोज घंटा वाजवत, आणि गाणारा तिथेच थांबे. पण घंटेतून वाचलेल्यांचा निकाल बोज यांच्या हाती नव्हता. श्रोते फोन करून कौल देत. 8 सप्टेंबर 1935 रोजी असाच कौल मिळाला ‘होबोकेन फोर’ या चौकडीला. त्यात 19 वर्षांचा एक मुलगा होता, पुढे जगभर गाजलेला गायक फ्रँक सिनात्रा.

सगळी जादू मला त्या फोनमध्ये दिसते. परीक्षकांचे गुण ऐकून आपण फार तर हळहळतो. स्वतः मत दिलं की मात्र तो गायक आपल्या घरचा होतो.

1999 मध्ये टीव्हीवर न्यूझीलंडच्या ‘पॉपस्टार्स’ने पाच मुलींचा बँड घडताना दाखवला, पण निवड परीक्षकांनीच केली. 2001 मध्ये ब्रिटनमध्ये सायमन फुलर यांच्या ‘पॉप आयडल’ने निकाल प्रेक्षकांच्या हाती दिला. अंतिम फेरीत 80 लाखांहून जास्त मतं पडली, विल यंग जिंकला. तिथून हा साचा अमेरिकेत गेला, 2004 मध्ये आपल्याकडे आला. मार्च 2005 मध्ये पहिला ‘इंडियन आयडल’ ठरला मुंबईचा अभिजीत सावंत. मराठी घरांना तो आपलाच मुलगा वाटला.

या कौलाची खरी किंमत कळते अफगाणिस्तानात. तालिबानच्या पहिल्या राजवटीत, 2001पर्यंत, तिथे संगीतावरच बंदी होती. 2005 मध्ये टोलो टीव्हीवर ‘अफगाण स्टार’ सुरू झालं, आणि लोक मोबाइलवरून गायक निवडू लागले. 2008 मध्ये लीमा सहर ही तरुणी डोक्यावर ओढणी घेऊन तिथे गायली. ती कंदाहारची, म्हणजे तालिबानच्या बालेकिल्ल्यातली. त्या वर्षी ती तिसरी आली, लोकांच्या मतांवर.